डाउनटन ॲबी: वरच्या मजल्यावर पोरकट, खालच्या मजल्यावरही पोरकटच

झुंबरं, गाऊन आणि चांदीचे चमचे बघायला म्हणून ही ब्रिटिश सिरीज लावणार असाल तर खुशाल लावा, ते सगळं पोटभर आहे, हायक्लेअर कॅसल हा खराखुरा वाडा आहे आणि दिसतोही तसाच. पण मला विचाराल तर खरी मजा माणसांत आहे, म्हणजे लॉर्डसाहेबांपासून किचनमधल्या डेझीपर्यंत एक माणूस धड मोठं झालेलं नाही यात.

सुरुवात १९१२ ची, टायटॅनिक बुडालंय आणि त्यात घराण्याचे दोन वारस गेलेत, त्यातल्या पॅट्रिकशी लॉर्डसाहेबांच्या थोरल्या मुलीचं, मेरीचं लग्न जवळपास ठरलेलं, आणि बाईसाहेबांचा प्रश्न काय, तर मला आता पूर्ण सुतकाचे काळे कपडे घालायला लागणार का. तिथे मी हसले आणि पुढचे सहा सीझन अडकले. पुढे मधली बहीण इडिथ चक्क तुर्की वकिलातीला पत्र लिहून मेरीचं तुर्की पाहुण्याशी झालेलं लफडं फोडते, मग मेरी तिचं जुळत आलेलं लग्न मोडते, आणि हे असं शेवटच्या सीझनपर्यंत चालू, तिशी उलटली तरी. इस्टेट मुलीच्या नावावर जाणार नाही म्हणून सगळं रामायण, ते आपल्याकडे कोणाला समजवायला नको, सातबारा म्हटलं की भावकीत काय काय होतं ते मालवणात घरोघरी माहितीये.

बाप रॉबर्ट, म्हणजे लॉर्डसाहेब, तर कहर आहे. बायकोच्या माहेरचा पैसा कॅनडाच्या एका रेल्वे कंपनीत घालून बसला, सगळा बुडाला, आणि यातून शिकला काय, तर अमेरिकेत कोण तो पाँझी आहे तो भारी परतावा देतो म्हणे. हो, तोच पाँझी, ज्याच्या नावाने फसव्या स्कीमा ओळखल्या जातात 😄

खालचे नोकर लोक काही कमी नाहीत हां. थॉमस नोकरीत बढती पाहिजे म्हणून मालकाची लाडकी कुत्री झोपडीत कोंडतो, का तर नंतर आपणच शोधून आणायची आणि शाबासकी घ्यायची, आणि बघतो तर कुत्री गायब, मग हा रात्री जंगलात धडपडत फिरतोय. आमची काकू इंग्रजीचा शब्द कळत नसताना बाजूला बसून बघायची, पावसात लाईट गेली की फोनवर, ती म्हणाली, "मेल्याक दुसरा काय काम नाय?" आणि मालकिणीची खास मोलकरीण ओब्रायन, तिचा साबणाचा सीन तर अंगावर येतो. मालकीण आपल्याला काढणार असा नुसता गैरसमज, मालकीण गरोदर, आंघोळीला बसलेली, आणि ही साबणाचा तुकडा गुपचूप टबाशेजारी फरशीवर ठेवते. बाहेर येऊन आरशात स्वतःकडे बघते, हे आपण नव्हे म्हणते, परत वळते, पण तोवर किंकाळी. संवाद जवळजवळ नाहीच, सगळं तोंडावर.

मधल्या वर्गातून आलेला नवा वारस मॅथ्यू बघा. वकील माणूस, सरळ, पण त्याचा स्वार्थ म्हणजे आपलं मन स्वच्छ राहिलं पाहिजे. वाडा विकायची वेळ आली तरी वारलेल्या वाग्दत्त वधूच्या बापाने ठेवलेला पैसा घेणार नाही, गिल्ट आहे म्हणून. अरे बाबा, वाड्यावर पन्नास पोटं आहेत त्यांचं काय!

पण माझी खरी तक्रार पुढे आहे. पोरकटपणा सगळे करतात, बिल मात्र एकाच मजल्यावर जातं. एथेल नावाची मोलकरीण एका मेजरमुळे गरोदर राहते, नोकरी जाते, वेश्याव्यवसायापर्यंत वेळ येते, शेवटी मूल मेजरच्या आईबापांना द्यावं लागतं. इडिथचंही लग्नाआधीचं मूल, ती मात्र मार्शनेस, म्हणजे बड्या सरदाराची बायको होते. आणि त्या मुलीचं काय केलं बघा, आधी आपल्याच कुळाच्या, ड्रू कुटुंबाच्या घरात ठेवली, मिसेस ड्रूला खरं न सांगता, तिने जीव लावला, मग इडिथला वाटलं आणि उचलून घेऊन गेली. ती बाई वेडीपिशी होते, तर शेवटी शेत सोडून जायचं कोणी, ड्रू कुटुंबाने, पिढ्यानपिढ्या कसलेलं. आणि सिरीज हे गोड म्युझिक लावून पार करते, रॉबर्ट कसा दयाळू वगैरे. माझं डोकं फिरलं. खोताच्या हातची कुळं कोकणाने पाहिलीयेत, अलिबागजवळ चरीला १९३३ ते १९३९ कुळांनी जमीन कसायचंच बंद केलं होतं, तो संप कशासाठी झाला ते या एका भागात कळतं. लिहिणाऱ्याला, ज्युलियन फेलोजला, ते कळलंय असं वाटत नाही, त्याचा जीव वरच्या मजल्यावर.

तरी बघा. पहिला सीझन फक्त सात भागांचा, एकदम घट्ट. दुसऱ्यात तोंडाला बँडेज बांधलेला एकजण मीच तो बुडालेला पॅट्रिक म्हणत येतो, तो भाग सरळ पळवा. सहाव्यात कार्सन बटलर नव्या बायकोच्या स्वयंपाकाला नावं ठेवत बसतो, मग ती हात दुखावल्याचं नाटक करून त्यालाच कामाला लावते, तो भाग नवऱ्याला शेजारी बसवून बघा. पाचातले साडेतीन, अर्धा एकट्या मॅगी स्मिथचा, रॉबर्टची आई झालीये ती. पुढचे सिनेमे अजून बघायचेत, काकूला थॉमसचं काय झालं ते पाहिजे.