करवंट्यांचा बायोचार जांभ्या मातीत: दहा महिन्यांनंतर

आमची परसबाग रत्नागिरीकडची, जांभ्यावरची. पाणी घातलं की खाली जातं, आणि शेणखतातला कस एका पावसाळ्यात धुऊन जातो. म्हणून फेब्रुवारीत साठलेल्या करवंट्या आणि आंब्याच्या छाटणीच्या फांद्या वापरून बायोचार, म्हणजे कमी हवेत जाळून केलेला, मातीत घालायचा कोळसा, करायला घेतला.

खड्डा अडीच फूट खोल, वर रुंद, खाली निमुळता. तळाशी पेटवायचं आणि निखाऱ्यांवर पांढरी राख धरायला लागली की लगेच पुढचा थर टाकायचा. वरची ज्वाळ हवा खाते, त्यामुळे खालचा कोळसा जळून जात नाही. भाताच्या भाजावळीत (रोपं करण्याआधी जमिनीवर पालापाचोळा जाळतात त्यात) बहुतेक सगळ्याची राख होते. इथे कार्बन मातीत शेकडो वर्षं राहू शकतो. शेवटी भरपूर पाणी ओतून विझवायचं, आत एक निखारा राहिला तरी सकाळी राखच मिळते. नीट झालेली करवंटी दुसरीवर आपटली की काचेसारखी वाजते.

पहिला घाणा मी तसाच लाल माठाच्या वाफ्यात मिसळला. रोपं बोटभर उंचीवर थांबली, पानं पिवळी पडली. कोरा कोळसा मातीतलं नत्र स्वतःकडे ओढून धरतो, हे तेव्हा कळलं. अख्खा वाफा गेला, फार वाईट वाटलं. पुढचा घाणा ओला असतानाच कुटला (कोरडा कुटू नका, धूळ छातीत जाते), शेणकाला आणि गोमूत्रात पंधरा दिवस भिजवला, कंपोस्टात कालवला आणि मे महिन्यात वांगी-मिरचीच्या आळ्यांत दोन-दोन ओंजळी घातला.

आता डिसेंबर. या आळ्यांना एक दिवसाआड पाणी पुरतं, शेजारच्या वाफ्याला रोज लागतं. परवा वांग्याचं एक झाड उपटलं तर मुळांबरोबर कोळशाचे तुकडेही वर आले. केसासारखी पांढरी मुळं त्यांच्या भेगांत शिरली होती, ओढली तर तुटली, पण सुटली नाहीत. उत्पन्न मी तोललं नाही, त्यामुळे त्याबद्दल दावा करत नाही.

विकतची एक पिशवीही आणून पाहिली, तिच्यात निम्मी राखच होती. घरी करणंच बरं.

बायोचार अल्कधर्मी असतो, म्हणून आमच्या आम्ल मातीला मानवला. काळ्या चुनखडीच्या रानात सामू (pH) आधीच 8 च्या वर असेल, तर माती तपासल्याशिवाय घालू नका.

पुढच्या घाण्यासाठी करवंट्या आत्तापासून अंगणात सुकत टाकल्या आहेत. ओल्या असल्या तर नुसता धूर होतो.