एलईडी चांगलाच आहे, पण बिल वाढवत होता तो झिरोचा बल्ब : दोन उन्हाळ्यांचा अनुभव

मे महिन्यात ओसरीवरचा नऊ वॅटचा एलईडी बल्ब वॉरंटीच्या आतच बंद पडला आणि तो बदलून घेण्यासाठी तालुक्याच्या दुकानदाराशी जी हुज्जत घालावी लागली, तिच्यामुळे हा अनुभव लिहायला बसलो. खोक्यावर दोन वर्षांची वॉरंटी स्पष्ट छापलेली होती. दुकानदाराने बल्ब उलटसुलट करून पाहिला आणि एवढेच विचारले, ‘‘काकाजी, याच्यावर तारीख कुठी हाये?’’ विकताना टोपीजवळ मार्करने तारीख टाकण्याचे काम त्याचेच होते, आणि पक्के बिल त्याने गावातल्या कोणाला दिल्याचे माझ्या ऐकिवात नाही. शेवटी अर्ध्या किमतीत दुसरा बल्ब मिळाला. एसटीचे जाण्यायेण्याचे भाडे धरले तर तो नव्यापेक्षा महागच पडला.

तोपर्यंत एलईडीबद्दल माझे मत फारसे बरे नव्हते, कारण खोक्यावर २५,००० तासांचे आयुष्य लिहायचे, म्हणजे रोज पाच तास लावला तरी तेरा वर्षांहून अधिक चालेल असे सांगायचे, आणि प्रत्यक्षात दुसऱ्याच उन्हाळ्यात बल्ब मरायचा, हा प्रकार मला लबाडीचा वाटत होता. पण त्याच दिवशी, त्याच दुकानातून घेतलेला त्याच कंपनीचा बल्ब स्वयंपाकघरात आजही व्यवस्थित जळतो आहे. फरक एवढाच की ओसरीवरचा बल्ब बंद काचेच्या हंडीत होता आणि त्या हंडीच्या वर टिनाचे छप्पर आहे. एलईडीमध्ये उजेड देणारी चकती सहसा जात नाही. जातो तो तिला वीज पुरवणारा छोटा ड्रायव्हर, आणि त्यातही आधी वाळतो तो कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून धरणारा बारीक भाग, ज्याचे आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढले की साधारण निम्म्यावर येते. आमच्या वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, मग टिनाखालच्या बंद हंडीतल्या बल्बाने काय सोसले असेल याची कल्पना करावी. आता हंडी काढून टाकली आहे. बल्ब उघडा दिसतो, पावसाळ्यात त्याच्याभोवती पाखरे जमतात, पण तो चालतो.

कमी व्होल्टेजचा मुद्दा मात्र खोक्यावर कोणीच ठळक छापत नाही आणि आमच्यासाठी तोच महत्त्वाचा आहे. संध्याकाळी गावातले कूलर एकदम सुरू झाले की टीव्हीच्या स्टॅबिलायझरचा काटा १८० व्होल्टवर येऊन बसतो. अशा वेळी साठ वॅटचा पिवळा बल्ब चाळीसच्या आसपास वॅट ओढतो, म्हणजे वीज एक तृतीयांशाने वाचते असे वाटेल. पण उजेड निम्म्याहूनही खाली येतो. म्हणजे जो बल्ब मुळातच एका वॅटला बारा ल्युमेनच्या (ल्युमेन म्हणजे उजेड मोजायचे माप) आसपास उजेड देतो, तो कमी व्होल्टेजवर आणखीच उधळा होतो. सीएफएलची वेगळीच तऱ्हा. ती अशा वेळी लुकलुकत राहते, कधी पेटतच नाही. बऱ्यापैकी ड्रायव्हर असलेला एलईडी मात्र १८० वरही तेवढाच उजेड देतो आणि तेवढेच वॅट घेतो. अगदी स्वस्तातले बल्ब याला अपवाद आहेत, काटा खाली आला की तेही मंदावतात. घेताना दुकानात ही परीक्षा करता येत नाही, म्हणून विजेची बचत दाखवणारे स्टार लेबल आणि एका वॅटला किती ल्युमेन एवढे तरी वाचून घ्यावे. वॅटमागे साधारण शंभर ल्युमेनच्या खालचा बल्ब मी आता घेत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मुळात एवढे लिहिले ती. घरातले बहुतेक मोठे बल्ब एलईडी करूनही बिल अपेक्षेइतके उतरेना, तेव्हा एका दुपारी घरातले सर्व काही बंद करून मी मीटरखाली खुर्ची टाकून बसलो. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो; आमच्या मीटरवर एका युनिटला ३,२०० लुकलुकी असे छापलेले आहे. एकेक बल्ब लावायचा आणि दोन लुकलुकींमधला वेळ घड्याळावर बघायचा, एवढाच प्रयोग. साठचा पिवळा बल्ब लावला की दिवा सुमारे १९ सेकंदांनी लुकलुकतो. चौदा वॅटच्या सीएफएलला ८० सेकंद लागतात आणि नऊ वॅटच्या एलईडीला दोन मिनिटांहून थोडे अधिक. मग देवघरातला लाल झिरो लावला. त्याची लुकलुक ७५ सेकंदांनी आली.

म्हणजे ज्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या झिरो म्हणत आलो, तो पंधरा वॅटचा बल्ब आहे आणि खोली उजळणाऱ्या सीएफएलपेक्षा अधिक वीज खातो, तीही देवाचे नाकडोळे जेमतेम दिसतील एवढ्या उजेडासाठी. शिवाय तो रात्रभर चालतो. रोज बारा तास धरले तर महिन्याला ५.४ युनिट होतात. नऊ वॅटचा एलईडी रोज पाच तास लावला तर महिन्याला १.३५ युनिट. देवघरातल्या एका झिरोच्या विजेत घरातले चार एलईडी चालतात, आणि आमच्याकडे दुसरा झिरो बैलांच्या कोठ्यात होता.

आईला हे सांगितले तेव्हा तिने सरळ उत्तर दिले, ‘‘झिरोले मीटर घेतच नाही.’’ तिच्या म्हणण्याला आधार नाही असे नाही, कारण जुन्या मीटरची घासलेली चकती एवढ्याशा भाराला हलतानाही दिसत नसे. पण ते मीटर जाऊन कैक वर्षे झाली, समजूत मात्र तशीच राहिली. २०२१ मध्ये ग्राम उजाला योजनेच्या पहिल्या टप्प्यात शेजारच्या नागपूर जिल्ह्यातल्या गावांना चालू पिवळा बल्ब जमा केल्यावर दहा रुपयांत एलईडी मिळत होता. तिकडच्या नातेवाइकांनी साठचे आणि शंभरचे बल्ब नेऊन दिले. देवघरातले झिरो त्यांच्याकडे अजून लागलेले आहेत.

पाच-दहा युनिटांसाठी एवढा आटापिटा कशाला, असे कोणी म्हणेल. उन्हाळ्यात कूलरमुळे आमचे बिल शंभर युनिटांच्या पुढे जाते आणि तिथून पुढच्या प्रत्येक युनिटाला चढा दर लागतो. म्हणून वाचलेले युनिट हे नेहमी वरच्या, महागड्या दराचे असते. दोन झिरोंची मिळून जवळजवळ अकरा युनिटे त्या टप्प्यातून कमी होणे मला मामुली वाटत नाही. दोन्ही ठिकाणी आता अर्ध्या वॅटचे एलईडी झिरो लावले आहेत, देवघरात आईच्या आग्रहाने लालच. याच्या एका लुकलुकीला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागायला हवा, आणि तेवढा वेळ मीटरखाली बसण्याची चिकाटी माझ्यातही नाही.

उरलेल्या सीएफएलबद्दल थोडेसे. ती चालते आहे तोवर काढून टाकण्यात काटकसर नाही, कारण चौदाच्या जागी नऊ वॅट एवढाच फरक पडतो. फुटली की मात्र खोलीची दारे-खिडक्या उघडून काही वेळ बाहेर थांबावे आणि तुकडे झाडूने न लोटता जाड कागदाने उचलावेत, कारण तिच्यात थोडा पारा असतो. आमच्या गावात त्या तुकड्यांची वेगळी सोय नसल्याने ते उकिरड्यावर जातात, आणि उकिरड्याचे खत पुढे शेतात. नवी सीएफएल न घेण्याचे माझे खरे कारण हे आहे.

साठचा पिवळा बल्बही एक ठेवला आहे. तो घेतो त्यातली नव्वद टक्क्यांहून अधिक वीज उष्णतेतच जाते, आणि डिसेंबरच्या थंडीत कोंबडीच्या पिलांच्या खोक्यावर नेमकी तीच लागते. तिथे एलईडी लावून काही उपयोग नाही.