रात्री नऊची चर्चा : सोलापुरातील एका प्रेक्षकाचा अभिप्राय

एका मराठी वृत्तवाहिनीवर रात्री नऊ वाजता होणारा तासाभराचा चर्चेचा कार्यक्रम आमच्या घरी नेमाने पाहिला जातो. त्याच्या निवेदिकेची तयारी चांगली असते, भाषा स्वच्छ आहे आणि न्यायालयीन विषयांवर तिने घेतलेल्या चर्चा मी आवर्जून पाहण्यासारख्या मानतो. आरक्षण, पक्षांतरबंदी किंवा स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका असा विषय असला की निवृत्त न्यायाधीश आणि घटनेचे अभ्यासक येतात, त्यांना सलग बोलू दिले जाते आणि वर्तमानपत्रातील बातमी वाचून न उलगडलेली गुंतागुंत पंधरा-वीस मिनिटांत समजते.

मात्र विषय मुंबई-पुण्याबाहेरचा असला की हाच कार्यक्रम कमालीचा दुबळा होतो. उजनी धरणावरील चर्चा हे त्याचे ठळक उदाहरण आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेला, तेव्हा सोलापूर शहरात चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येत होते आणि पाण्याचे पुढे काय होणार, ही चिंता प्रत्येक घरात होती. चर्चेत एका प्रवक्त्याने धरण कोरडे पडल्याचे ठासून सांगितले, दुसऱ्याने ते तितक्याच जोराने नाकारले आणि कार्यक्रमाचा बराचसा वेळ त्यातच गेला. उणे टक्के मोजतात कसे, एवढे कोणी सांगितले असते तरी तो वाद मिटला असता. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. त्यातील ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा, म्हणजे तळाशी राखून ठेवायचे पाणी, आणि ५३ टीएमसीच्या वर उपयुक्त साठा, म्हणजे त्यावरचे वापरायचे पाणी. टक्केवारी काढली जाते ती केवळ उपयुक्त साठ्यावर. म्हणजे उणे साठ टक्क्यांचा अर्थ उपयुक्त पाणी संपून मृतसाठ्यातूनही सुमारे ३२ टीएमसी उचलले गेले, असा होतो. धरणात त्याखालीही पाणी उरते, पण त्यात गाळ किती आणि ते उपसता किती येईल, हा पुढचा प्रश्न असतो. दोन्ही प्रवक्ते अर्धवट बोलत होते आणि त्यांना थांबवून हे आकडे पडद्यावर मांडणे हे निवेदिकेचे काम होते.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न तर चर्चेत आलाच नाही. तेव्हा शहराच्या पाण्याचा एक भाग उजनीहून थेट जलवाहिनीने येत असे. दुसरा भाग मात्र धरणातून भीमेच्या पात्रात सोडून, औज बंधाऱ्यात अडवून, टाकळीहून उचलला जात असे. पात्रातून येताना त्याचा मोठा हिस्सा वाटेत मुरतो, उन्हाने उडून जातो किंवा उपसला जातो. उजनीहून येणाऱ्या पहिल्या जलवाहिनीच्या जोडीच्या समांतर जलवाहिनीचे महत्त्व त्यासाठीच आहे. हे समजावून सांगू शकणारे जलसंपदा खात्यातील निवृत्त अभियंते सोलापुरात आहेत, माढा-करमाळ्याकडचे जाणते ऊस उत्पादकही आहेत. चौकटीत दिसले ते मात्र राजधानीतले प्रवक्ते. आमच्या भागाच्या वाट्याला एका वार्ताहराचा मिनिटभराचा वृत्तांत आला, तोही मध्येच तोडून.

तुलनेसाठी संसद टीव्हीवरील ‘मुद्दा आपका’ हा हिंदी आणि ‘पर्स्पेक्टिव्ह’ हा इंग्रजी कार्यक्रम पाहावा. लोकसभा आणि राज्यसभेच्या वाहिन्या एकत्र करून २०२१ मध्ये ही वाहिनी सुरू झाली. तिथे पाहुणे बहुधा विषयाचे अभ्यासक असतात आणि एकमेकांचे बोलणे पूर्ण ऐकतात. स्पर्धा परीक्षा देणारी मुले या चर्चा यूट्यूबवर पाहून टिपणे काढतात, ते उगीच नाही. सरकारला अडचणीत आणणारा प्रश्न तिथे क्वचितच विचारला जातो, ही उणीव मोठी आहे. त्या बाबतीत आपली मराठी निवेदिका निश्चितच अधिक धीट आहे आणि म्हणूनच तिच्या कार्यक्रमाकडून माझी अपेक्षा जास्त आहे.

जाहिरातींचाही उल्लेख करायला हवा. केबल टीव्ही नियमांनुसार तासाला १२ मिनिटांपेक्षा अधिक जाहिराती दाखवता येत नाहीत, आणि त्यात वाहिनीच्या स्वतःच्या जाहिरातीही धरल्या जातात. या कार्यक्रमात दर थोड्या वेळाने येणाऱ्या खंडामुळे तज्ज्ञाचे वाक्य तुटते आणि परतल्यावर मुद्दा तिथून पुढे नेला जात नाही, म्हणून शक्य असेल त्यांनी थेट प्रक्षेपणाऐवजी दुसऱ्या दिवशी यूट्यूबवर पाहावे. चुकीची किंवा अर्धसत्य माहिती दिली गेल्यास याच नियमांतील २०२१ च्या दुरुस्तीनुसार प्रेक्षकाला वाहिनीकडे लेखी तक्रार करता येते आणि वाहिनीने ती पंधरा दिवसांत निकाली काढायची असते. समाधान न झाल्यास वाहिन्यांच्या स्वयंनियामक संस्थेकडे दाद मागता येते. तक्रार कोठे पाठवायची, ते कार्यक्रमाच्या शेवटी पडद्यावर दिसले पाहिजे.

कायद्याचे आणि निवडणुकीचे विषय असतील त्या रात्री हा कार्यक्रम जरूर पाहावा. पाणी, ऊसदर, यंत्रमाग किंवा विडी कामगारांचा विषय असेल, तर आधी पाहुण्यांची नावे पाहावीत. चारही जण पक्षांचे प्रवक्ते असतील, तर तो तास वाया जातो.