यूएसबी मायक्रोस्कोप की मॅक्रो लेन्स? नाणी तपासणाऱ्यासाठी

राणीछाप (व्हिक्टोरिया राणीचे) रुपये, शिवराया (शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची शिवराई नाणी), पंचम जॉर्जची नाणी जमवणाऱ्याला खिशातलं दहापटीचं भिंग एका टप्प्यावर अपुरं पडायला लागतं. नाणं आपल्याला ओळखता येतं हो, पण त्याचा फोटो काढून दुसऱ्याला दाखवायचा, कॅटलॉगमधल्या चित्राशी ताडून बघायचा म्हटलं की काहीतरी घ्यावं लागतं. मग लॅपटॉपला जोडायचा छोटा यूएसबी मायक्रोस्कोप घ्यावा, की जुना का होईना कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून फोटो घेणारी लेन्स? माझ्याकडे दोन्ही आहेत आणि दोन्ही वापरात आहेत, म्हणून लिहितोय.

बऱ्याच व्हरायटी, म्हणजे एकाच नाण्याचे बारीक फरकांचे प्रकार, ओळखायला यातलं काहीच लागत नाही, हे आधी सांगायला हवं. १८४० च्या रुपयावर राणीचं नाव डोक्यावरून सलग गेलंय की डोक्याच्या दोन बाजूंना विभागलंय, हे नाणं हातात धरूनच कळतं. १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा वाटला आणि १९१२ मध्ये तो सुधारून काढावा लागला. तो फरकही साध्या भिंगाखाली दिसतो. एवढंच बघायचं असेल तर पैसे खर्च करू नका, त्या पैशात एखादं चांगलं नाणं घ्या.

बारीक खुणा शोधायच्या असतील तर मात्र मायक्रोस्कोप फार सोयीचा आहे. दोन-तीन हजारांत मिळतो, ड्रॉवरमध्ये मावतो, केबल लावली की चित्र समोर. पंचम जॉर्जच्या रुपयावर मागच्या बाजूला खालच्या कमळाशी बारीक उठावाचा ठिपका असेल तर टांकसाळ मुंबईची, नसेल तर कलकत्त्याची. असे रुपये मूठभर समोर असतील तर मायक्रोस्कोपने ते भराभर वेगळे करता येतात. सहाव्या जॉर्जच्या काळातला लाहोरचा ‘एल’, स्वातंत्र्यानंतरच्या नाण्यांवर तारखेखालचा हैदराबादचा तारा की मुंबईचा पत्त्यातल्या चौकटसारखा आकार, हेही लगेच कळतं. नाणं पाडायच्या साच्याला गेलेला तडा, ओतीव नकली नाण्याच्या पृष्ठभागावरची बारीक छिद्रं यांसाठी मी आजही आधी तोच काढतो.

माझं घोडं अडलं ते उजेडापाशी. या मायक्रोस्कोपमध्ये भिंगाच्या भोवतीच दिव्यांचं कडं असतं, म्हणजे उजेड डोळ्याच्याच दिशेने नाण्यावर सरळ पडतो आणि चारही बाजूंनी सारखा पडतो. अशा उजेडात सावली पडत नाही. सावली नाही म्हणजे उठाव दिसत नाही, आणि नाणं तर सगळं उठावावरच वाचायचं असतं.

नेमकं कुठे अडतं ते सांगतो. राणीछाप रुपयांत मुंबईचा ‘बी’ काही नाण्यांवर उठावाचा असतो, काहींवर खोल दाबलेला. या दोन वेगळ्या व्हरायटी आहेत आणि काही सालांत त्यांच्या किमतीतही फरक पडतो. मायक्रोस्कोपखाली तो ‘बी’ छान मोठा दिसतो, कडा स्वच्छ दिसतात, पण तो वर आलाय की आत गेलाय हे काही केल्या ठरत नाही. एकदा बघितलं तर उठावाचा वाटतो, पापणी लवून पुन्हा बघितलं तर खोल. १८४० च्या रुपयावर राणीच्या मानेखालच्या ‘डब्ल्यू डब्ल्यू’ या विल्यम वायनच्या आद्याक्षरांचीही तीच गत.

उजेड एकाच बाजूने, वरून येतोय हे माहीत असेल तर प्रश्न सुटतो. उठावाच्या अक्षराची वरची कड चमकते आणि खालच्या कडेला सावली पडते, खोल अक्षराचं बरोबर उलटं. डोळा उजेड वरूनच आहे असं धरून चालतो, त्यामुळे दिवा खालच्या बाजूला ठेवला किंवा फोटो उलटा बघितला तर तेच अक्षर फसवतं. म्हणून मी दिवा कायम फोटोच्या वरच्या बाजूला, घड्याळातल्या दहा-अकराच्या जागी ठेवतो. बाजारात मिळणाऱ्या फोटोंतही आधी सावली कुठल्या बाजूला पडलीय ते बघायची सवय लागली आहे.

मायक्रोस्कोपचे दिवे बंद करून बाजूने टेबललॅम्प लावता येत नाही का? येतो, पण भिंग आणि नाणं यांच्यात बोटभर जागा असते आणि भोवतीचं प्लास्टिक आड येतं. तिरपा उजेड आत शिरतच नाही. थोडं लांबून बघणारी मॉडेल्स मिळतात, त्यांत हा त्रास कमी असावा. पण त्यांची किंमत कॅमेऱ्याच्या जवळ जायला लागते.

शिवराईला तर तिरपा उजेड हवाच. तांब्यावर काळपट तपकिरी थर चढलेला, ‘श्री राजा शिव’मधलं एखादं अक्षर झिजून नुसता फुगवटा राहिलेला, आणि व्हरायटी ठरते त्याच अक्षरावर, ‘शिव’ आहे की ‘सिव’, ‘छत्रपति’ आहे की ‘छत्रपती’. दिवा नाण्याच्या जवळजवळ पातळीवर आणला की सपाट वाटणाऱ्या जागेवर वेलांटीची सावली उठून येते. दिवा जरा वर घेतला की ती गेली. हे मॅक्रो लेन्सखालीच जमतं, कारण लेन्स आणि नाणं यांच्यात हात फिरवायला जागा असते.

नाण्याचा दर्जा ठरवतानाही हेच आडवं येतं. टांकसाळीची मूळ चकाकी म्हणजे नाणं हलवलं की फिरणारा उजेड, आणि सरळ उजेडात ती पांढऱ्या डागांत हरवते. घासून पुसलेल्या नाण्यावरचे एका दिशेचे बारीक ओरखडे एकच दिवा हळूहळू फिरवला तर एका ठरावीक कोनात लख्ख दिसतात. शिवाय पन्नासपट मोठं करून बघितलं तर उत्तम नाणंही ओरबाडल्यासारखं दिसतं. ग्रेड ठरवायची ती डोळ्यांनी आणि पाच-दहापटीच्या भिंगाने. राणीच्या गालावर, कानावरच्या केसांत झीज किती आहे हे संपूर्ण चेहरा एका चौकटीत आल्याशिवाय कळत नाही, आणि माझ्या मायक्रोस्कोपमध्ये नाणं धारदार दिसेपर्यंत जवळ नेलं की अख्खा रुपया मावत नाही.

मॅक्रोसाठी नवं काही घ्यायची गरज नाही. जुना एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरचा) कॅमेरा आणि हाताने फोकस करायची जुनी मॅक्रो लेन्स पुरते. माझी निकॉनची जुनी ५५ मिलिमीटरची आहे, ती वस्तूच्या निम्म्या आकाराचंच चित्र देते. पण रुपयाचा व्यास साधारण ३०.५ मिलिमीटर, त्याचा निम्मा सव्वापंधरा, आणि सेन्सरची उंची साडेपंधराच्या आसपास. रुपया जेमतेम पण पूर्ण मावतो. पाव आण्याचं नाणं तर आरामात.

त्रास यालाही आहे. टेबल अडतं, कॅमेरा उभा खाली बघत राहील असा स्टँड लागतो, आणि नाणं लेन्सला अगदी समांतर नसेल तर एक कड धूसर येते. त्यावर नाण्याच्या जागी छोटा आरसा ठेवायचा आणि त्यात लेन्सचं प्रतिबिंब चौकटीच्या मधोमध येईपर्यंत कॅमेरा हलवायचा. लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ-८, शटर टायमरवर, आणि तांब्याचा रंग बिघडू नये म्हणून आधी राखाडी कार्डाचा एक फोटो. एकदा मांडामांड झाली की एका बैठकीत बरीच नाणी होतात. पण एकाच नाण्यासाठी एवढा पसारा मांडायला जिवावर येतं, हे खरं.

ज्यांचा संग्रह मुख्यतः स्वतंत्र भारताच्या नाण्यांचा आहे आणि प्रश्न टांकसाळीच्या खुणेपुरता आहे, त्यांना मायक्रोस्कोप पुरेल, त्यांनी उगाच कॅमेऱ्याच्या मागे लागू नये. शिवराया, राणीछाप, आणि विकत घेण्याआधी किंवा विकण्याआधी दर्जा ठरवायचा असेल तर मी थोडं थांबून, पैसे साठवून कॅमेराच घ्या म्हणेन. तोपर्यंत मान वळवता येईल असा एक टेबललॅम्प आणा आणि साध्या भिंगाखाली तो नाण्याभोवती फिरवून बघा. पुढे कॅमेरा आला तरी तोच दिवा लागणार आहे.