गाणं सगळ्यांना पाठ, सिनेमा कुणी पाहिलाय?

'दो दीवाने शहर में' माहीत नाही असा माणूस मला अजून भेटायचाय. पण ते गाणं ज्यातलं, तो 'घरौंदा' पाहिलाय का विचारा. लोक अमोल पालेकरच्या दुसऱ्याच सिनेमाबद्दल, 'छोटी सी बात'बद्दल बोलायला लागतात. परवा आम्ही दोघांनी 'घरौंदा' पुन्हा पाहिला.

सिनेमा 1977चा. दिग्दर्शक भीमसैन, म्हणजे 'एक चिड़िया, अनेक चिड़िया'वाल्या कार्टूनफिल्मचं ॲनिमेशन करणारे. संगीत जयदेवचं. मुंबईत एकाच ऑफिसात काम करणारे सुदीप आणि छाया. लग्न करायचंय, पण राहणार कुठे? तो मित्रांबरोबर एका खोलीत, ती भावाच्या भरल्या घरात. पै-पै साठवून फ्लॅट बुक करतात आणि पैसे बुडतात.

इथवर मी ह्यांच्याकडे बघून हसत होते. बदलापूरच्या बुकिंगचे आमचे अठरा हजार असेच गेले, आणि लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत मध्ये पडदा लावून आणखी सहा वर्षं काढली.

मग सुदीप छायाला सुचवतो, ऑफिसातल्या आपल्या मोदीसाहेबांशी लग्न कर. पैसेवाले आहेत, वय झालंय, हृदयाचा आजार आहे, किती दिवस राहणार? अमोल पालेकर हे त्याच भोळ्या चेहऱ्यानं बोलतो, म्हणून अंगावर काटा येतो. लग्न होतं आणि मोदींची तब्येत चक्क सुधारायला लागते! मला क्षणभर वाईट वाटलं. कशाचं, ते कळल्यावर लाज वाटली. आपणही त्या माणसाच्या मरणाची वाट बघत बसलो होतो की!

ही करामत डॉ. श्रीराम लागूंची. मोदींना त्यांनी खलनायकही केलं नाही आणि बिच्चाराही नाही. या भूमिकेला त्यांना फिल्मफेअर मिळालं. छायाचं मन नवऱ्याकडे नेमकं कुठे वळतं, ते मला बोट ठेवून दाखवता येणार नाही, इतकं हळू केलंय झरीना वहाबनं.

उत्तरार्ध मात्र ताणलाय. सुदीपचं झुरणं जरा आवरायला हवं होतं. पण मध्येच रुना लैलाचं 'तुम्हें हो न हो' येतं, मग चालून जातं.

संपल्यावर हे म्हणाले, "तेव्हा मी तुला असं काही सांगितलं असतं तर?"

म्हटलं, "कुणाशी? आमच्या साहेबांना साधं बीपीसुद्धा नव्हतं."