अंगाला लावावेसे वाटणारे कीटकरोधक: २० टक्के पिकारिडिन लोशनचे परीक्षण

कीटकरोधक विकत घेताना आपण सहसा एकच प्रश्न विचारतो: हे किती तास टिकते? माझ्या मते त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. दमट हवेत, घामेजलेल्या अंगावर, दिवसातून दोन वेळा हे लावून घ्यायला सोबतची माणसे आपणहून तयार होतील का? या प्रश्नाचे उत्तर ज्या उत्पादनाच्या बाबतीत ‘नाही’ असे येते, ते कितीही प्रभावी असले तरी पिशवीच्या तळाशी पडून राहते आणि डासांना मोकळे रान मिळते. रानातल्या, नदीकाठच्या आणि डोंगरावरच्या मुक्कामांमध्ये निरनिराळी कीटकरोधके वापरून पाहिल्यावर २० टक्के पिकारिडिन असलेले लोशन मी पहिल्या क्रमांकावर ठेवतो, आणि त्याचे मुख्य कारण हेच आहे की ते लावून घ्यायला कोणी कुरकुर करत नाही.

पिकारिडिन, ज्याला काही देशांत इकारिडिन म्हणतात, हे बायर कंपनीने १९८०च्या दशकात विकसित केलेले कृत्रिम रसायन आहे. मिऱ्यांमध्ये आढळणाऱ्या पायपेरिनशी त्याच्या रचनेचे दुरून नाते आहे. ते डासाला मारत नाही. माणसाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, घामातले लॅक्टिक आम्ल, अंगाची ऊब अशा खुणांच्या आधारे मादी डास आपल्यापर्यंत पोहोचते. त्वचेच्या अगदी जवळ आल्यावर या रसायनामुळे तिची गंध ओळखण्याची क्षमता गोंधळते आणि ती न बसताच फिरून जाते. यावरून एक गोष्ट आपोआप स्पष्ट होते: संरक्षण फक्त जिथे थर बसला आहे तिथेच मिळते. पोटरीला व्यवस्थित लोशन लावले आणि घोटा तसाच राहिला, तर चार बोटांच्या अंतरावरही डास निर्धास्तपणे चावतो.

म्हणूनच मी स्प्रेपेक्षा लोशन पसंत करतो. स्प्रे वाऱ्यावर उडतो, तंबूत मारला तर नाकातोंडात जातो, आणि त्वचेवर थेंबाथेंबांनी पडलेला द्रव हाताने पसरवायचा असतो हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. लोशन मात्र हाताने चोळूनच लावावे लागते, त्यामुळे कानामागची जागा, मान, कोपराची मागची बाजू, घड्याळाच्या पट्ट्याखालचे मनगट आणि मोज्याच्या काठाजवळची पट्टी इथपर्यंत हात जातो. मी वापरलेले लोशन तळहातावर पांढरट आणि पातळसर दिसते, मिनिटभरात मुरते, आणि त्यानंतर कातडीला कातडी चिकटत नाही. वास जवळजवळ नाहीच. ओठांना लागले तर कडवट चव मात्र बराच वेळ रेंगाळते, म्हणून चेहऱ्यावर लावताना आधी तळहातावर घेऊन, डोळे आणि तोंड सोडून, हलक्या हाताने लावणे बरे.

तुलनेसाठी डीटचा उल्लेख करणे भाग आहे. अमेरिकी सैन्यासाठी १९४६ साली तयार झालेले आणि १९५७पासून सर्वसामान्यांना मिळू लागलेले हे रसायन आजही कीटकरोधकांचे प्रमाण मानले जाते, आणि त्या मानाला ते पात्र आहे. सूचनांप्रमाणे वापरले तर ते सुरक्षित आहे, हे इतक्या वर्षांच्या वापरातून दिसून आले आहे. तरीही त्याचे दोन दोष सुट्टीत फार जाणवतात. एक म्हणजे त्याचा तेलकट, उग्र वासाचा थर, आणि दुसरा म्हणजे प्लास्टिक व काही कृत्रिम धागे विरघळवण्याचा त्याचा गुण. डीट लावलेल्या हातांनी दुर्बीण धरल्यामुळे तिच्या रबरी वेष्टणावर बोटांचे चिकट ठसे कायमचे उमटलेले मी पाहिले आहेत. चष्म्याची काडी, घड्याळाची प्लास्टिकची काच, तंबूचे कृत्रिम कापड आणि नखांचा रंग यांचीही तीच गत होऊ शकते. सुती आणि लोकरी कपड्यांना त्याने काही होत नाही. पिकारिडिनने यांपैकी कोणत्याही वस्तूला धक्का लागत नाही, आणि कॅमेरा व दुर्बीण घेऊन हिंडणाऱ्यांना एवढा एकच मुद्दा पुरेसा वाटेल.

टक्क्यांविषयी मोठा गैरसमज आहे. जास्त टक्के म्हणजे जास्त तीव्र संरक्षण, असे नसून ते जास्त वेळ टिकणारे संरक्षण असते. २० टक्के पिकारिडिन डास आणि गोचीड या दोहोंसाठी साधारण ८ ते १२ तास काम देते. १० टक्क्यांचे त्याहून बरेच लवकर उतरते. डीटच्या बाबतीत ५० टक्क्यांच्या पुढे गेल्यावर टिकण्याच्या वेळेत विशेष भर पडत नाही, त्यामुळे जवळजवळ शुद्ध डीटच्या बाटल्या विकत घेण्यात मला अर्थ दिसत नाही. हे सगळे तास मात्र कोरड्या, शांत अंगासाठी आहेत. चढणीवर घाम गाळला, ओढ्यात उतरलो, टॉवेलने अंग पुसले, की हिशेब नव्याने सुरू करावा लागतो, आणि इथेच सहज लावता येणारे लोशन पुन्हा एकदा आपली योग्यता सिद्ध करते.

सनस्क्रीनही लावायचे असेल, तर आधी सनस्क्रीन, ते मुरायला १५ ते २० मिनिटे, आणि मग वरून कीटकरोधक, असा क्रम ठेवावा. दोन्ही एकत्र असलेली उत्पादने मी टाळतो, कारण सनस्क्रीन दर दोन तासांनी लावायचे असते आणि त्याच्यासोबत कीटकरोधकाचा विनाकारण मारा होत राहतो. लहान मुलांच्या तळहातांना कीटकरोधक लावू नये, कारण ते हात थेट डोळ्यांत आणि तोंडात जातात. दोन महिन्यांखालील बाळाला तर कोणतेच कीटकरोधक न लावता त्याच्या गाडीवर किंवा पाळण्यावर बारीक जाळी टाकणे हाच मार्ग आहे.

‘नैसर्गिक’ काहीतरी हवे असा ज्यांचा आग्रह असतो त्यांच्यासाठी एक चांगला पर्याय आहे, तो म्हणजे लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून मिळणारे पीएमडी हे द्रव्य. योग्य प्रमाणातले पीएमडी कित्येक तास काम देते. मात्र त्याच झाडाचे साधे सुगंधी तेल म्हणजे पीएमडी नव्हे. त्या तेलात हे द्रव्य फारच कमी असते, आणि बाटलीवरचे चित्र पाहून दोहोंत गल्लत होणे सोपे आहे. तीन वर्षांखालील मुलांना पीएमडी वापरू नये. गवती चहाच्या वासाच्या सिट्रोनेला तेलाचा परिणाम लवकर उडून जातो. त्या तेलात भिजवलेले मनगटी पट्टे मनगटाच्या आसपासची जागा तेवढी थोडा वेळ सांभाळतात, पण पायांना त्याचा काही उपयोग नसतो. डासांना पळवणारा ध्वनी काढतात अशा जाहिरातीच्या उपकरणांबद्दल २००७ साली प्रसिद्ध झालेल्या, निरनिराळे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या परीक्षणात त्यांचा चावण्यावर काहीही परिणाम होत नसल्याचे स्पष्ट म्हटले आहे, तेव्हा त्यांवर पैसे घालवू नयेत. लसूण खाणे आणि बी-१ जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणे यांचीही गोष्ट वेगळी नाही.

लोशन कितीही चांगले असले तरी ते एकट्याने सगळे सांभाळू शकत नाही, हे मी आग्रहाने सांगेन. मधमाशी आणि गांधीलमाशी यांच्यावर कोणत्याही कीटकरोधकाचा परिणाम होत नाही, कारण त्या रक्तासाठी येत नाहीत. त्या स्वतःच्या किंवा पोळ्याच्या बचावासाठी डंख मारतात. उंच गवतातून जायचे असेल तर फिक्या रंगाची सैल फुलपँट घालून तिचे पाय मोज्यांत खोचावेत, म्हणजे पायावर चढणारी गोचीड नजरेस पडते आणि कातडीपर्यंत पोहोचायला तिला लांबचा रस्ता घ्यावा लागतो. कपडा अंगाला घट्ट बसणारा आणि पातळ असेल तर डास त्यातूनही सोंड खुपसतो, म्हणून सैलपणाला महत्त्व आहे. गोचिडींचा प्रदेश असेल तर कपड्यांवर आणि बुटांवर ०.५ टक्के पर्मेथ्रिन या कीटकनाशकाचा फवारा मारून ते पूर्ण वाळू द्यावेत. घरी फवारलेला असा कपडा साधारण सहा धुण्यांपर्यंत काम देतो. पर्मेथ्रिन त्वचेवर कधीही लावायचे नसते. ओले असताना ते मांजरांना घातक असते आणि पाण्यात गेले तर माशांना मारते, म्हणून ओढ्याच्या काठावर बसून हे काम करू नये.

वेळेचे भानही तेवढेच महत्त्वाचे. डेंग्यू पसरवणारे एडीस जातीचे डास दिवसा, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळ होण्याच्या सुमारास चावतात; मलेरिया पसरवणारे अ‍ॅनोफिलिस मात्र तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत हिंडतात. ‘संध्याकाळी लावू’ म्हणून दिवसभर उघड्या पायांनी हिंडणाऱ्याला डेंग्यूच्या प्रदेशात धोका असतो, आणि रात्री फक्त लोशनच्या भरवशावर मच्छरदाणी न लावता झोपणाऱ्याला मलेरियाच्या प्रदेशात.

आता चावल्यानंतरचे. या बाबतीत बाजारात मिळणाऱ्या रंगीत नळ्यांपेक्षा तीन साध्या गोष्टी मला अधिक कामाच्या वाटतात. चावलेली जागा साबण-पाण्याने धुऊन तिच्यावर दहा मिनिटे थंड पाण्याची घडी ठेवली की खाज निम्म्यावर येते. तरीही गांध उठून खाजतच राहिली तर एक टक्का हायड्रोकॉर्टिसोन क्रीम पातळ लावावे, आणि अंगभर चावे असतील तर सेटिरिझिनसारखी अ‍ॅलर्जीची गोळी घ्यावी. अ‍ॅलर्जीविरोधी औषध गोळीऐवजी मलमातून वारंवार लावले तर काहींच्या त्वचेलाच त्याचे वावडे होते, म्हणून त्या मलमांची मी शिफारस करत नाही. मुलांची नखे सुट्टीला निघण्यापूर्वी कापणे हा उपाय क्षुल्लक वाटतो, पण खाजवून झालेल्या जखमेतच जंतू शिरतात. दोन दिवसांनंतरही लाली पसरत राहिली, जागा गरम लागली, पू दिसला किंवा ताप आला, तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये.

सामानात टोकदार, बारीक चोचीचा चिमटा हवाच. भुवयांसाठी असतो तसा बोथट चिमटा गोचिडीच्या फुगलेल्या पोटाला धरतो आणि ते पिळून निघते. बारीक टोकाने तिला अगदी कातडीलगत, तोंडापाशी धरून, न पिळता आणि न हिसडता सरळ वर ओढावे. क्षणभर कातडी तंबूसारखी वर उचलली जाते आणि मग पकड सुटते. काडीने चटका देणे, व्हॅसलीन किंवा नेलपॉलिश थापणे या जुन्या युक्त्यांनी ती लवकर सुटत नाही आणि वेळ मात्र वाया जातो. हा वेळच मौल्यवान असतो, कारण गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम आजाराचा जंतू माणसाच्या शरीरात जायला गोचीड बहुधा चोवीस तासांहून अधिक काळ चिकटलेली असावी लागते. म्हणून रोज संध्याकाळी काख, जांघ, गुडघ्याची मागची बाजू, बेंबी आणि केसांच्या मुळांशी तपासणे हे लोशन लावण्याइतकेच आवश्यक आहे. चावल्यानंतर ३ ते ३० दिवसांत पसरत जाणारे लाल वलय दिसले तर चाव्याची तारीख डॉक्टरांना सांगावी.

मधमाशी चावली तर काटा कसा काढावा याचा विचार करत बसू नये. नखाने खरवडून असो वा चिमटीने, तो जितक्या लवकर निघेल तितके विष कमी शिरते. ओठ किंवा जीभ सुजणे, श्वास लागणे, अंगभर पित्त उठणे, चक्कर येणे ही लक्षणे दिसली तर क्रीम आणि गोळ्या यांचा नाद सोडून ताबडतोब तातडीची वैद्यकीय मदत मागवावी, आणि रुग्णाजवळ अ‍ॅड्रेनॅलिनचे स्वयंचलित इंजेक्शन असेल तर ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला लगेच द्यावे. ज्यांना अशी अ‍ॅलर्जी आधीपासून ठाऊक आहे, त्यांच्याकडचे इंजेक्शन तंबूत न ठेवता अंगावरच्या पिशवीत असावे.

पुन्हा लोशनकडे येतो, कारण त्याच्याविषयी दोन तक्रारी नोंदवायला हव्यात. मी वापरलेल्या बाटलीचे दाबायचे झाकण उष्णतेत सैल होते आणि पिशवीत लोशन गळते. ती वेगळ्या पिशवीत बंद करून न्यावी लागते. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. लेबलवर ‘दीर्घकाळ संरक्षण’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते, पण रसायनाचे टक्के, आणि डास व गोचीड यांच्यासाठीचे वेगवेगळे तास, हे मागच्या बाजूला भिंगाशिवाय वाचता येणार नाहीत अशा टायपात छापलेले असतात. दुकानात उभे राहून मागची बाजू वाचावी. टक्के दिलेले नसतील तर ती बाटली परत ठेवून दुसरी उचलावी.