शेक सेंटरचा सहा आठवड्यांचा प्लॅन : बाराव्या दिवशी मी का थांबलो

वजन उतरवून देणाऱ्या या सेंटरचं नाव लिहीत नाही. असाच प्लॅन आता तालुक्याच्या प्रत्येक गावात मिळतो, आणि मला सांगायचं आहे ते प्लॅनबद्दल.

कराडमध्ये माझं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. वय ५१, उंची पाच फूट सहा इंच, जानेवारीत वजन ८८.४ किलो. नऊ वर्षं शुगर, पाच वर्षं बीपी. शुगरसाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, बीपीसाठी एक गोळी, त्यातच पाणी काढणारं औषध. पहाटे साडेसहापासून शिकणाऱ्यांच्या शेजारी डाव्या सीटवर बसायचं, पाय कायम जादा ब्रेकवर. उजवा गुडघा दुखायला लागला तेव्हा हाडांचे डॉक्टर म्हणाले, दहा किलो उतरवा, मग बघू. वजन कमी करायलाच हवं होतं, यात शंका नाही. म्हणून कुणी 'आहात तसे छान आहात' म्हणून मला गप्प बसवू नये.

पॅकेज १४,५०० रुपयांचं. पाच डबे पावडर, एक शेकर, दर शनिवारी मशिनवर वजन आणि चरबी मोजणं, आणि व्हॉट्सअॅप ग्रुप. सकाळी, दुपारी, रात्री पाण्यातून एकेक स्कूप. मध्ये एक सफरचंद, काकडी-टोमॅटो, संध्याकाळी दुधीचं सूप. भाकरी, भात, डाळ, दूध, तेल सगळं बंद. पहिल्या दिवशी फॉर्म भरून घेतला. त्यात 'शुगर / बीपी आहे का' या रकान्यात मी दोन्हीवर 'हो' केलं. कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, हे फॉर्ममध्येही नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही.

डब्यावर सगळं छापलेलं होतं, तेव्हा मी ते वाचलं नाही. एका स्कूपला १२२ कॅलरी आणि नऊ ग्रॅम प्रोटीन. म्हणजे तीन शेकचे ३६६, वरचं धरून दिवसाचे साडेपाचशेच्या आत. प्रोटीन २७ ग्रॅम. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) हिशेबानं बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २,११० कॅलरी लागतात आणि दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन. माझं वजन ६५ किलो असतं तरी ५४ ग्रॅम लागलं असतं. मला त्याच्या निम्मंच मिळत होतं. दिवसाला ८०० किंवा त्याहून कमी कॅलरींच्या आहाराला डॉक्टरी भाषेत अतिअल्प उष्मांकाचा आहार म्हणतात, आणि तो औषधासारखा, देखरेखीखाली द्यायचा असतो. मला तो चहाच्या कट्ट्यावर मेंबरशिपसारखा मिळाला.

पहिल्या आठवड्यात ३.६ किलो उतरलं. शनिवारी टाळ्या वाजल्या, ग्रुपवर माझा फोटो गेला. मला खरोखर आनंद झाला होता, तो खोटा होता असं म्हणणार नाही. हिशेब नंतर कळला. एक किलो चरबी जळायला साधारण ७,७०० कॅलरींचा खड्डा पडावा लागतो. ३.६ किलो चरबी सात दिवसांत जायची तर रोज जवळपास ४,००० कॅलरींची तूट हवी, आणि माझ्या शरीराचा दिवसाचा सगळा खर्चच तेवढा नाही. गेलं होतं ते मुख्यतः पाणी. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर आधी संपते, आणि तिच्या प्रत्येक ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं, तेही निघून जातं. पहिल्या शनिवारचा आकडा प्रत्येकाचाच मोठा येतो, आणि माणूस त्याच दिवशी पुढचे डबे घेतो.

दुसऱ्या आठवड्यात थंडी वाजायला लागली. उठून उभं राहिलो की डोळ्यांपुढे अंधारी. बद्धकोष्ठता. तोंडाला वेगळाच वास, म्हणून शिकणाऱ्याशी बोलताना मी तोंड खिडकीकडे करायचो. क्लच कसा सोडायचा हे सांगताना डोक्यात बाजरीची भाकरी आणि ठेचा. ग्रुपवर विचारलं तर कोचताई म्हणाल्या, "सर, डिटॉक्स चालू आहे, शरीराला सवय होतेय." आवाजात काळजी होती. पण जे होत होतं ते त्यांना ओळखता येत नव्हतं.

बारावा दिवस, मंगळवार, सव्वासातची बॅच. कॉलेजची एक मुलगी चालवत होती, तिचा सहावा दिवस. कृष्णा पुलावरून विद्यानगरकडे निघालो. पूल ओलांडला आणि मला घाम फुटला. जानेवारीतला, सकाळचा, थंड घाम. हात थरथरायला लागले. समोरून उसाची ट्रॉली येत होती. ती किती लांब आहे ते मला कळेना, आणि ब्रेकवरचा पाय माझा आहे असं वाटेना. त्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं, डावा इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेऊन न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला. सहा दिवसांत शिकवलेलं सगळं क्रमानं केलं. चहाच्या टपरीवरच्या माणसानं अर्धा ग्लास पाण्यात चार चमचे साखर घालून पाजली. पंधरा मिनिटांनी दवाखान्यात बोटाला सुई टोचली तेव्हा, एवढी साखर पोटात गेल्यावरही, शुगर ६१ होती. त्याआधी किती असेल ते डॉक्टरांनी न बोलताच मला समजलं.

त्या मुलीला काही झालं असतं तर? हा प्रश्न अजून रात्री येतो, आणि मी तो झटकत नाही.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो गोळ्यांचा. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. तुम्ही जेवलात की नाही याच्याशी तिला देणंघेणं नाही. जेवण पाव भागावर आणायचं आणि गोळी तशीच घ्यायची, म्हणजे शुगर कोसळणारच. उभं करून बीपी घेतलं तर ९८/६०. रक्तात पोटॅशियम ३.१, ते निदान साडेतीन तरी हवं. पाणी काढणारी गोळी पोटॅशियमही बाहेर घालवते, आणि खाण्यातून येणारं मी बंद केलं होतं. लगेच ईसीजी काढला, तो ठीक आला.

पोटॅशियमबद्दल ते एवढे गंभीर का झाले, हे मला मिरजेत नर्सिंग शिकणाऱ्या माझ्या मुलीनं सांगितलं. १९७६-७७ मध्ये अमेरिकेत द्रवरूप प्रोटीनच्या बाटल्यांवर वजन उतरवण्याची लाट आली होती. ते प्रोटीन जनावरांच्या कातड्यापासून आणि सांध्यांपासून काढलेलं, शरीराच्या दृष्टीनं अर्धवट. साठच्या आसपास मृत्यूंची नोंद झाली. अनेकांत हृदयाचे ठोके बिघडून अचानक मरण आलं होतं, आणि त्यातल्या कित्येकांना आधी हृदयविकार नव्हता. पुढच्या पावडरींत प्रोटीन सुधारलं, क्षार आणि जीवनसत्त्वं घातली गेली. तरीही असा आहार चालू असताना रक्त तपासत राहावं लागतं, ते याच कारणानं.

सेंटरच्या ग्रुपवर एक ओळ सारखी फिरायची: परदेशातल्या संशोधनात शेक पिऊन निम्म्या लोकांची शुगर गेली. मला ओढलं ते या ओळीनं. ती ओळ खोटी नाही, आणि म्हणूनच मला जास्त राग येतो. मुलीनं ते संशोधन काढून माझ्यासमोर बसून वाचलं. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमधल्या सरकारी दवाखान्यांत रॉय टेलर आणि माइक लीन यांच्या गटानं ते केलं, २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. ३०६ जण, त्यातल्या निम्म्यांना तीन ते पाच महिने रोज साधारण ८२५ ते ८५३ कॅलरींचे शेक आणि सूप. वर्षानंतर त्यातल्या ४६ टक्के लोकांची शुगर औषधाशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती, नेहमीचेच उपचार घेणाऱ्या दुसऱ्या गटात ४ टक्के. दोन वर्षांनी ४६ चे ३६ झाले. मोठंच काम आहे ते.

"आता हे ऐका पप्पा," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांच्या शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्या थांबवल्या. आणि मधुमेह सहा वर्षांच्या आतला असेल तरच घेतलं. इन्सुलिनवाले घेतलेच नाहीत." मला नऊ वर्षं झाली. म्हणजे त्या प्रयोगात मला दारातूनच परत पाठवलं असतं. तिथं शेक संपल्यावर दोन ते आठ आठवडे हळूहळू जेवण सुरू केलं, आणि दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत नर्स किंवा आहारतज्ज्ञ भेटत राहिले. सेंटरनं त्यातला आकडा तेवढा घेतला. नर्स, तपासण्या, गोळ्यांचा बदल, परतीचं जेवण, यातलं काहीच १४,५०० मध्ये नव्हतं. आणि कॅलरी त्यांच्या दोनतृतीयांश.

ग्रुपमधल्या एका ताईंचंही लिहितो, त्यांनी लिहायला सांगितलं आहे. त्यांनी प्लॅन दोनदा केला, सलग १२ आठवडे, १५ किलो उतरले. शेवटी केसांचे पुंजके हातात यायला लागले, आणि एका रात्री उजव्या बरगडीखाली असह्य कळ. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे. चरबी झपाट्यानं वितळते तेव्हा पित्तात कोलेस्टेरॉल वाढतं. जेवणात तेलतूपच नसेल तर पित्ताशय आकुंचन पावत नाही, पित्त तिथंच साचून घट्ट होतं. अशा आहारावर चारांतल्या एकापर्यंत लोकांना खडे होऊ शकतात. बऱ्याच जणांना ते कळतही नाहीत, यांना मात्र ऑपरेशन करावं लागलं. देखरेखीखालच्या प्लॅनमध्ये म्हणूनच थोडं तरी स्निग्ध ठेवतात, काहींना खडे टाळणारं औषधही देतात. केस बहुधा परत येतात, दोन-तीन महिने उशिरानं गळतात आणि तसेच सावकाश उगवतात.

पाचपैकी दोन तारे देतो. एक, डब्यावर आकडे खरे छापले होते म्हणून. दुसरा कोचताईंना. त्या रोज फोन करायच्या, माझी घटना ऐकून रडल्या, आणि नंतर गुपचूप मला म्हणाल्या की त्यांना स्वतःलाही चार दिवसांच्या ट्रेनिंगवर उभं केलं होतं. मालकांनी न उघडलेल्या दोन डब्यांचे पैसे परत दिले नाहीत. "ओळखीत विका, नाहीतर तीन मेंबर आणा, रक्कम वळती होईल," असं सांगितलं. एफएसएसएआयचा (सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) चौदा आकडी नंबर दाखवून "सरकारमान्य आहे" असंही म्हणाले. तो नंबर म्हणजे धंद्याचा परवाना. नऊ वर्षांच्या शुगरवाल्याला हे चालेल असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं.

आमच्या डॉक्टरांनी मला रागावून घरी पाठवलं नाही, याचं मला महत्त्व वाटतं. ते म्हणाले, ८०० कॅलरींचा मार्ग बंद नाही. रक्त, किडनी, ईसीजी तपासून, ग्लिमेपिराइड थांबवून, बीपीची गोळी बदलून, दर पंधरा दिवसांनी येत राहाल तर जास्तीत जास्त १२ आठवडे करता येईल. मी दोन दिवस विचार केला. माझं काम रस्त्यावरचं, शेजारी रोज कुणाची तरी मुलगी, कुणाचा तरी मुलगा. मी नको म्हटलं. ज्याला रजा घेऊन घरी बसता येतं, ज्याचा मधुमेह नवा आहे, त्यानं आपल्या डॉक्टरांशी बोलून वेगळं ठरवलं तर ते मला पटेल.

मी घेतला तो सावकाश रस्ता. आयसीएमआरच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचंही म्हणणं असंच आहे, वजन उतरवतानाही १,००० कॅलरींच्या खाली जाऊ नका, आठवड्याला अर्धा किलो पुरे. आहारतज्ज्ञांनी सकाळी दोन अंडी, दुपारी एक ज्वारीची भाकरी, मोठी वाटी उसळ, ताक, रात्री डाळ आणि भाजी असं बसवून दिलं. ग्लिमेपिराइड बंद, बीपीची गोळी बदलली. सात महिन्यांत वजन ८०.९, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) ८.१ वरून ६.७. शनिवारी टाळ्या वाजत नाहीत. गुडघ्याला मात्र फरक कळतो, गाडीत चढताना हात लावावा लागत नाही. त्या मुलीला मार्चमध्ये लायसन्स मिळालं. पेढे घेऊन आली होती, मी अर्धा खाल्ला.

न उघडलेले दोन डबे माळ्यावर होते. गेल्या आठवड्यात शेजारचे अण्णा विचारायला आले, अर्ध्या किमतीत देता का, जावयाच्या ओळखीत एकाचे नऊ किलो उतरलेत. मी त्यांना आधी गोळ्यांची पाकिटं आणायला सांगितली. त्यात डापाग्लिफ्लोझिन ही शुगरची गोळी निघाली. मुलीनं मला या गोळीबद्दल बजावून ठेवलं होतं: ही चालू असताना खाणं एकदम तोडलं तर रक्तात आम्ल वाढू शकतं, तेही शुगर जवळपास नॉर्मल दिसत असताना, त्यामुळे मशिनवर बघून कळतही नाही. अण्णांना डबे दिले नाहीत. सोमवारी सकाळची बॅच उशिरा ठेवली आहे, आम्ही दोघं त्यांच्या डॉक्टरांकडे जाणार आहोत.